लाल ठिपक्याचे कप

मले जुन्या बाजारातले कप घ्याचा नादच आहे, आन् मी तो कोनापासून लपवत नाई. परवा भद्रावतीच्या बाजारात भंगाराच्या ढिगात गुलाबी फुलांचे चार कप दिसले. लगेच उचलले.

घरी कढईत मीठ तापवून मोहफुलांचा केक केला आन् शेजारच्या वच्छलाबाईले चहाले बोलावलं. बाईनं केक दोनदा मागून खाल्ला, पन कप पाहून नाक मुरडलं.

"काऊन वं, लोकायचे उष्टे कप घरात आनून राह्यली? कोन कसा प्याला असन त्यात!"

"चांगले घासून घेतले, बाई. प्या बिनधास्त."

चहा संपल्यावर बाईनं कप उपडा केला आन् खालून निरखून पाह्यला. बुडाले नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, घासताना मले दिसलाच नवता. आमच्या गल्लीत कोनाकडे पाहुने आले की साऱ्यायच्या कपबश्या तिकडे जातेत, आन् गुलाबी फुलांचे कप तं घरोघरी सारखेच, म्हनून जो तो आपली निशानी करून ठेवते. लाल ठिपका वच्छलाबाईचा.

"अवं, हे तं माहेच कप! आमच्या बुढ्यानं रद्दीसंगं भंगारवाल्याले देऊन टाकले वाटते. दे वापस!"

मी चारही कप धुऊन तिच्यापुढं ठेवले.

"घेऊन जा न, बाई. फक्त आता ते माहे उष्टे आहेत."