रिफंड आणि दाढी

हसणार नसाल तर सांगतो. माझा टॅक्सचा रिफंड माझ्याच दाढीनं अडवला होता.

मी फरशी बसवतो. ठेकेदारानं कापलेला टॅक्स परत आला की नवा कटर घ्यायचा होता. पण रिफंड काही येईना. मग आईनं नारायणगडाच्या देवाला नवस केला, "पैसे येईपर्यंत माझं पोरगं दाढी करणार न्हाई." मला विचारलंसुद्धा नाही.

दाढी गळ्याखाली उतरली तेव्हा टॅक्सवाल्यांचा मेसेज आला, आधी ओळख पटवा. सिमेंटनं बोटांचे ठसे गेलेले, म्हणून सिरसाळ्याच्या सेवा केंद्रात चेहरा दाखवला. आधारवरच्या जुन्या फोटोशी जुळेचना.

केंद्रवाला म्हणाला, "दाढी काढ बे, पैसे येतील."

"पैसे आल्याबिगर काढता येत न्हाई."

"कावून?"

"नवस हाय."

त्यानं कपाळाला हात लावला. शेवटी आईच म्हणाली, "आरं, मग आधारवर दाढीचाच फोटू लाव की!"

लावला. ओळख पटली, पैसे आले. मी खुशीत गुळगुळीत दाढी केली आणि पैसे काढायला बँकेत गेलो. साहेबांनी आधार पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, ज्याचे पैसे आहेत त्यालाच पाठवा."