पोराला द्या!

नाक काय बघताय माझं, ते निदान जागेवर तरी आहे, व्याह्यांचे पुढचे दोन दात स्टेडियमात कुठल्या पायरीखाली गेले ते अजून सापडत नाहीयेत! आणि दोष कुणाला? मला! तुम्हाला सांगतो, आमच्या बुसानच्या बेसबॉल संघावरचं प्रेम म्हणजे असंच, रक्त काढल्याशिवाय सोडत नाही.

आमची सोरा, एकुलती एक पोरगी, लग्न ठरवून बसली ती डेगूच्या मुलाशी. डेगूच्या! त्याचे वडील ह्वांगसाहेब म्हणजे त्यांच्या संघाचे जन्माचे भक्त. दोन्ही घरं मिळून मॅचला निघालो, तर सोरानं बजावलं, "बाबा, हात उचललात तर लग्न मोडलं समजा." मी? मी कशाला हात उचलू? मी आपला त्यांना कौतुकानं सांगतोय, की बघा, किती वर्षांत आम्ही चषक पाहिला नाही, तरी स्टेडियम भरलेलं, कचऱ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून डोक्याला बांधतो, गातो, आणि जाताना त्यातच कचरा भरून नेतो... तर हे म्हणतात कसे, हरणाऱ्यांच्या डोक्यावर कचराच शोभतो. गिळलं हो, लग्नासाठी गिळलं!

आणि आला की चेंडू! बॅटला तिरका लागून उडाला तो थेट ह्वांगसाहेबांच्या तोंडावर! फाटकन! दात गेले, पण प्रेक्षकांत आलेला चेंडू पकडेल त्याचा, माणूस काही तो सोडेना. आमच्या मैदानातला चेंडू डेगूच्या खिशात? मी हात उचलला नाही, शप्पथ... डोकं घातलं. पोटात. त्यांनी नाकावर कोपर हाणलं, मी दंडाला कडकडून चावलो, तळलेल्या कोंबडीची बादली उलटली, तिच्यातून लोळत दोघंही पायऱ्यांवरून खाली, वर मागच्या आजीबाई छत्रीनं दोघांनाही सारखंच झोडपतायत! प्रेम आहे हो, रक्त काढल्याशिवाय सोडत नाही!

तेवढ्यात सगळं स्टेडियम सुरू, "पोराला द्या! पोराला द्या!" आमच्याकडे रीतच आहे, चेंडू मिळाला की जवळच्या लहान मुलाला द्यायचा, नाही दिला तर लोक धड घरी जाऊ देत नाहीत. पण मूल कुठाय? आजूबाजूला सगळी म्हातारी खोडं! चेंडू अर्धा माझ्या मुठीत, अर्धा त्यांच्या, रक्त ठिबकतंय, लोक बोंबलतायत...

सोरा शांतपणे उठून आली. आमची बोटं एकेक करून सोडवली, चेंडू घेतला आणि पोटाशी धरला.

"दिला पोराला," म्हणाली. "ऑगस्टमध्ये येतंय."

तुम्हाला सांगतो, एवढा गोंगाट, पण मला काही ऐकू येईना. मी ह्वांगसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. जावई नेमका बियर घेऊन पायऱ्या चढत होता, बिचारा. बियरसकट धुतला दोघांनी मिळून! प्रेम... रक्त काढल्याशिवाय...

मॅच? हरलो की. आणि लग्न पुढच्या रविवारी, या सगळे. आता ते मोडायची तरी सोय राहिलीय का?