चौथी जागा

रिचेल: सात होती, डॅडी. जुन्या कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीवर डावीकडून सात चित्रं. इंटरनेट, पत्रं टाइप करायचं, फोटो छापायचं, मम्मीचा केकचा फोल्डर, कॅल्क्युलेटर, पत्ते आणि गाणी. नव्यावर मी सहा बसवली.

बर्नार्ड: मग लिलीचा फोल्डर कुठं गेला? खिडकीच्या चित्राचं बटन आनि चार दाबलं, तर हिशेबाचं यंत्र आलं!

रिचेल: गेला नाही. एक जागा अलीकडे आलाय. ते फोटो छापायचं मी काढून टाकलं. प्रिंटर मोडल्यापासून उघडतच नव्हतं. आता तुम्ही चारऐवजी तीन दाबायचं.

बर्नार्ड: लिलीने चार सांगितलंय.

रिचेल: एकाचाच तर फरक आहे!

बर्नार्ड: लाइट गेली की मेणबत्तीच्या खणाकडे तू बघत बघत जातेस? हात जातो. चष्मा लावूनपन ती चित्रं मला मुंगळ्यांसारखी दिसतात. आनि तू चालली सोमवारी पुण्याला, नोकरीला. मग मी कोनाला हाक मारू? बाजारात जाऊन विचारू, माझी बायको कितव्या बटनावर हाय?

रिचेल: डॅडी!

बर्नार्ड: मग काय तर.

रिचेल: मम्मी गेल्यापासून रोज रोझरीची प्रार्थना झाली की तुम्ही इथे येऊन बसता, माहितीय मला. पण तिने हा फोल्डर पट्टीवर बसवला कसा? फोल्डर असा सरळ बसत नाही, दुसऱ्याच्या पोटात जातो. आधी त्याचा शॉर्टकट करावा लागतो. मला अख्खी दुपार लागली.

बर्नार्ड: पापडी गावात गॉडफ्रेच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये विचारून आली. ओव्हनमध्ये केक टाकून गेली सायकलवर. येईपर्यंत कोळसा. शेजारच्या जोएलच्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा केक!

रिचेल: त्याचा फोटो आहे यात?

बर्नार्ड: कोळशाचा? हाय तर. हसून हसून काढलाय. बाजूला बघ, तिचा हात हाय थाळी धरलेला.

रिचेल: सगळ्या फोटोंत हातच आहे. एकातही तोंड नाही.

बर्नार्ड: तोंड भिंतीवर हाय, फ्रेममध्ये. ते एकच. हात रोज नव्या केकला हाय.

रिचेल: ...बरं, सरका. तिसऱ्या जागी त्या फोटोवाल्याचं नुसतं चित्र ठेवते. दाबलं तरी काही होणार नाही.

बर्नार्ड: आधी तरी कुठं काय व्हायचं?

रिचेल: झाली सात. आता दाबा. एकदाच हां! मागे तुम्ही दाबत सुटायचात आणि एकावर एक अकरा खिडक्या उघडायच्या.

बर्नार्ड: म्हनून तर लिलीने नेम घालून दिला. बटन दाबायचं, हात मांडीवर ठेवायचे, आनि उघडेपर्यंत नमो मरियेची प्रार्थना म्हनायची. ती पिठाचे हात घेऊन मागे उभी. मधला शब्द गाळला की डोक्यात टपली.

रिचेल: किती व्हायच्या?

बर्नार्ड: तीन. कॉम्प्युटर जुना झाल्यावर चार.

रिचेल: दाबा.

बर्नार्ड: नमो मरिये...

रिचेल: उघडला. किती झाल्या?

बर्नार्ड: दोन शब्द.