चौसष्ट ठोके

जबाब
दि. १४ मे २०२५, सकाळी ११.१०

मी, तनुजा बद्रीनाथ औताडे, वय २७ वर्षे, व्यवसाय नोकरी, मूळ रा. लासूर स्टेशन, ता. गंगापूर, हल्ली मुक्काम गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मैत्रिणीसोबत भाड्याने राहते. दोन वर्षांपासून एका जाहिरात एजन्सीत काम करते. एजन्सीचे मालक इंद्रजीत सर आहेत. मनगटावर बांधायच्या एका नवीन घड्याळाच्या जाहिरातीचे काम आमच्याकडे आले होते. हे घड्याळ झोप व काळजाचे ठोके मोजते.

जालना रोडवरील होर्डिंगवर तीस फूट उंचीवर खरा पलंग बसवायचा, त्यावर खरा माणूस झोपवायचा आणि त्याचे ठोके शेजारी दिव्यांच्या मोठ्या आकड्यांत दाखवायचे, ही कल्पना माझी होती. ती घड्याळाच्या कंपनीला आवडली.

पलंगावर झोपण्यासाठी मी खंडेराव मुंजाबा बंडगर, वय ३४, रा. पिशोर, ता. कन्नड यांना ठरवले. ते शहरात बांधकामावर परांची बांधायचे, त्यामुळे त्यांना उंचीची भीती नव्हती. काम समजावल्यावर ते हसून म्हणाले, "नुसतं निजायचं? येवढंच?" मी हो म्हणाले.

दि. ११ रोजी संध्याकाळी दोन तास चाचणी घेतली. लोक गाड्या थांबवून बघत होते. त्यानंतर कंपनीने वेळ बदलून सकाळी १० ते दुपारी १ केली, कारण त्या वेळी सिग्नलला गर्दी जास्त असते. पलंगावर कापडी छत होते. त्याने अक्षरे झाकली जात होती म्हणून ते काढले. मागचा फ्लेक्स काळा होता.

दि. १२ रोजी खंडेराव १० वाजता कमरेला पट्टा बांधून वर गेले. उशीखाली पाण्याची एक बाटली होती. डोळे मिटून पडायचे, हलायचे नाही, असे मी त्यांना सांगितले होते. त्यांच्या घड्याळाचा आकडा माझ्या मोबाईलवर येत होता. तो मी लॅपटॉपवरून बोर्डावर टाकत होते. ११ नंतर आकडा ११८, १२१, १२४ असा वाढत गेला.

११.२० वाजता सरांचा फोन आला. ते म्हणाले, "बोर्डावर एकशे चोवीस दिसतंय. गाढ झोपलेल्या माणसाचे ठोके असे असतात का? चौसष्ट ठेव." मी चौसष्ट ठेवला. मोबाईल पर्समध्ये टाकला.

१२ च्या सुमारास खंडेराव यांनी एकदा हात वर केला. सिग्नलवरच्या लोकांनीही हात हलवले. मला वाटले, ते लोकांना हात करत आहेत. हात वर केला तर उतरवायचे, असे आमचे काही ठरलेले नव्हते.

१२.४५ वाजता त्यांची पत्नी सत्यशीला डबा घेऊन आल्या. त्या माझ्याजवळ सावलीत बसल्या. त्यांनी विचारले, "ताई, ते आकडं कशाचं हाय?" मी सांगितले, "त्यांच्या काळजाचे ठोके आहेत."

"चौसष्ट. म्हंजी बरं हाय न्हवं?"

मी हो म्हणाले.

कंपनीचे लोक व्हिडिओ काढायला येणार होते म्हणून एक वाजता खंडेराव यांना उतरवले नाही. मी सत्यशीला यांना जेवून घ्या म्हटले. त्या म्हणाल्या, "त्यांच्यासंगं खाईन."

१.४० वाजता खंडेराव यांचा उजवा हात पलंगावरून खाली लोंबलेला दिसला. लोक फोटो काढत होते. मीही काढला आणि सरांना पाठवला. त्यांचे उत्तर आले, "एकदम नॅचरल."

२.१० वाजता त्यांना उतरवायला होर्डिंगचा शिडीवाला वर गेला. त्याने खंडेराव यांच्या अंगाला हात लावला, हलवले आणि खाली माझ्याकडे बघितले. सत्यशीला उठून उभ्या राहिल्या. त्या बोर्डाकडे बोट करून सगळ्यांना सांगू लागल्या, "चालू हाय की! बघा ना, चौसष्ट हाय!"

मी लॅपटॉपवरून बोर्ड बंद केला.

त्या माझ्याकडे वळल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "का बंद केलं? ताई, का बंद केलं? चालू करा." मी चालू केला नाही. त्यांनी माझा हात अँब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी उष्माघाताने आधीच मृत्यू झाल्याचे सांगितले.

घड्याळाची नोंद मला आज ठाण्यात दाखवण्यात आली. शेवटचा ठोका १.२२ चा आहे. त्याआधी माझ्या मोबाईलवर सात इशारे आले होते. फोटो काढताना मोबाईल हातात होता, तेव्हाही मी ते उघडून बघितले नाहीत.

काल रात्री सरांनी फोन करून सांगितले की, बोर्डात तांत्रिक बिघाड झाला होता, असे जबाबात सांग. बोर्डात कोणताही बिघाड नव्हता.

त्या दिवसानंतर सत्यशीला यांना मी अजून भेटलेले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "आकडा चौसष्ट ठेवण्यात आला" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मी चौसष्ट ठेवला" असे केले व तिथे माझी सही घेतली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

(सही)
तनुजा बद्रीनाथ औताडे