सव्वापाच

हलू नका हो पूर्वीमॅडम, मुंढ्याला टाचण्या आहेत — टोचली की म्हणाल, कालिंदीने मुद्दाम टोचली. हात वर. वर म्हणजे वर! ब्लाउज घालून बघायला आलाच आहात तर ऐकूनच जा. स्कॉलरशिपच्या वर्गाची यादी लावलीत तुम्ही, माझ्या मनवाचं नाव कुठाय? नाहीच! का? तर एका गणितासाठी. काय ते गणित — एका ब्लाउजला तीन छेद चार मीटर कापड — अहो, पाऊण म्हणा ना सरळ, जीभ झिजते? — तर चार मीटरमध्ये ब्लाउज किती? पाच झाले, पाव मीटर उरलं. पाच नि पाव, सव्वापाच! पोरीने तेच लिहिलं, तर तुम्ही लाल फुली मारलीत. नि तुमचं उत्तर काय, पाच पूर्णांक एक तृतीयांश! तृतीयांश आणलंत कुठून? उरलंय पाव, डोळ्यांना दिसतंय पाव — सरळ बघा, मान नका वळवू.

काय? भागाकार? मला शिकवू नका. वीस वर्षं भोईवाड्यात कातर चालवतेय. बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, कापड मोजायला; पावकी-निमकीचे पाढे म्हटल्याशिवाय ताट मिळायचं नाही आम्हाला. आणि तरी सातवीत ह्याच गणिताला अडले. उलटं करून गुणायचं म्हणे — का उलटं, एवढंच विचारलं, तर बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. परत गेलेच नाही मी शाळेत. तुमच्यासारख्याच होत्या त्या बाई, अशाच रोखून बघायच्या. चीड येते मला.

हुशार आहे हो माझी पोर. घरून सोडवून आणायचा पेपर होता ना, ह्याच मशीनपाशी बसून सोडवला. आधी तुमचंच उत्तर लिहिलं होतं की तिने! पाच पूर्णांक एक तृतीयांश, छान अक्षरात. मीच म्हटलं, खोड ते. तर म्हणते, आई, पाव मीटर उरलं, पण पाव ब्लाउज नाही गो उरला — मी म्हटलं, आईला शिकवतेस? शिवणकाम कोण करतं घरात? खोडरबर दिला हातात. रडत रडत खोडलं, कागद फाटायला आला. मग ती पेपर घेऊन गेली शाळेत, नि मी आपली टेप लावून बसले. पाव, पाव, पाव — झालं पाऊण. तीन पाव. म्हणजे उरलेलं ते ब्लाउजचा तिसरा —

बघताय काय अशा? काही नाही म्हटलं मी. उतरवा तो ब्लाउज, पडद्याआड जा. शनिवारी न्यायला या. आणि मनवाला विचारत बसू नका काही. मीच पटवलंय तिला; तिला अजून वाटतंय, आईचंच बरोबर आहे, मॅडमचं चुकलं. जा ना आता!