कॅमेऱ्यामागचा दादा

शबानाआपाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत, ऐका का ते. माझा दादा लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्याचं तेरावं झालं, तरी घरात त्याचा एकही व्हिडिओ सापडेना. तसाच गाडी काढून गुलमंडीत तो कामाला होता त्या स्टुडिओत गेलो आणि मालकांवर ओरडलो, "दादाचा व्हिडिओ द्या!"

"अरे बाळा, तो कायम कॅमेऱ्यामागं. दिसणार कसा?"

मी टेबलावर हात आपटला. तिथं सगळ्या लग्नांचे व्हिडिओ एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतात. सापडावेत म्हणून तिथं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या शबानाआपा प्रत्येक व्हिडिओला खुणेचे शब्द लावतात.

"बैठ पहले, चिल्ला नक्को," म्हणत आपांनी टाइप केलं, 'बंद करायला विसरला'.

पडदाभर दादाच! स्टँडवरचा कॅमेरा चालूच विसरून कुठं जिलबी खातोय, कुठं नवरदेवाचा फेटा सरळ करतोय. एकात तर भिंगात वाकून म्हणतो, "आयला, चालूच व्हय हे?"

मी हसत हसत रडायला लागलो. मालकांनीही डोळे पुसले आणि उगाच आवाज चढवला, "शबाना, हे भंगार जागा खातंय, पुसून टाक म्हणलं होतं ना?"

पेनड्राइव्ह लावत आपा म्हणाल्या, "लई वेळा म्हणले सर. मैं सुनीच नहीं."