काटा लालवर असताना

...नाही नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, पण मला आधी एक सांगा, गाडीचा पेट्रोलचा पंप कुठे असतो? पुढे, इंजिनापाशी? मलाही तसंच वाटायचं! आणि जन्मभर तसंच वाटत राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? सुखात होतो हो मी! तो टाकीत असतो, टाकीत! पेट्रोलमध्ये बुडून, मागच्या सीटच्या बरोबर खाली! म्हणजे इतकी वर्षं माझी बायको त्याच्यावर बसून फिरतेय आणि मला पत्ता नाही!

हे मला सांगितलं गॅरेजवाल्याने. मी कशाला गेलो होतो त्याच्याकडे, तर मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला होता. बायको म्हणाली डास आहे. मी दोन दिवस डास मारत गाडी चालवली! शेवटी गेलो. त्याने मागची सीट उचलली, कान लावला आणि डोळे मिटले. आता डॉक्टरनेच डोळे मिटले की पेशंटने काय समजायचं? "पेट्रोल किती ठेवता?" म्हटलं, "असतं की... असतं." "काटा लालवर जातो का कधी?" म्हटलं, "जातो म्हणजे... तिथेच राहायला असतो."

तर तो म्हणाला, "साहेब, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून पंप गार राहतो. कधीमधी लालवर गेली तर काही होत नाही. पण रोजच उघडा पडायला लागला तर तापणार, वर तळातला गाळ ओढणार." "मग आता हो?" "आता नवीन मागवतो, यायला आठवडा लागेल." "आणि तोवर?" तर माझ्याकडे न बघता, फडक्याला हात पुसत काय म्हणावं त्याने? "चालेल तोवर चालेल!"

अहो, हे काय उत्तर झालं? चालेल तोवर चालेल! हे तर मलाही लागू आहे, तुम्हालाही लागू आहे!

आणि दोनच दिवसांवर माझ्या लेकीचं विमान!

थांबा, तुम्ही म्हणाल, काटा कायम लालवर का? सांगतो. गाडी आमच्या वडिलांची. ते गेल्यावर आम्हा दोघा भावांत एक. एक आठवडा दादाचा, एक माझा. पहिल्याच पाळीला दादाने किल्ली दिली तेव्हा काटा लालवर. बरं, मोठा भाऊ, बोलणार काय? मीही परत देताना बरोब्बर लालवर दिली. झालं! कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, पण घराण्याचा रिवाजच पडला. माझ्या पेट्रोलवर त्याची बायको माहेरी का जाईल, आणि त्याच्या पेट्रोलवर माझी भाजी का यावी? लोकांची भाऊबंदकी बांधावरून होते, आमची थेंबावरून! इतका हात बसला होता की फाटकाशी गाडी वळली की काटा टेकलाच पाहिजे. एकदा माझा अंदाज चुकला, थोडं जास्त उरलं, तर तुम्हाला सांगतो, जेवणं झाल्यावर उगाच कॉलनीला चकरा मारत बसलो! वॉचमन विचारतोय, "काही हरवलं का साहेब?"

तर लेकीचं विमान. एकुलती एक. आम्ही चिमणी म्हणतो तिला. परदेशात नोकरी, पहिल्यांदाच घराबाहेर, आणि आता येणार ती वर्ष-दीड वर्षाने. बायको म्हणाली, "टॅक्सी करू या." मी लगेच होऽऽ म्हटलं, दोन्ही हात वर करून! पण चिमणी फुरंगटली, "नाही, आजोबांच्या गाडीनेच जायचं." आता आजोबांचं नाव काढल्यावर मी काय बोलू? तुझ्या आजोबांच्या गाडीचं तुझ्या काकाने आणि बापाने काय करून ठेवलंय, हे सांगू?

दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, मी टाकी फुल्ल करतोय." तिकडून एकदम खालच्या आवाजात, "अरे, वेडा आहेस का? इतकी वर्षं तळाला चाललीय ती. एकदम फुल्ल केलीस तर सगळा गाळ ढवळून वर येईल! आहे तशी राहू दे." बघा! म्हणजे रिकामी ठेवली तर पंप तापून मरणार आणि भरली तर गुदमरून मरणार! इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये माझी पोरगी बॅगा घेऊन उभी! मी म्हटलं, "दादा, हे खरं आहे का?" तर म्हणाला, "खरं-खोटं मला माहीत नाही, पण मला भीती वाटते." भीती! त्याला! तो घरी बसून होता!

शेवटी भरली. पेट्रोलवाला नळी धरून नुसता बघत राहिला. "फुल्ल? साहेब... घरी सगळं ठीक ना?"

निघालो. काचा खाली. का, तर आवाज ऐकायला! रेडिओ बंद, पंखा बंद. बायको मागे, त्याच्याच डोक्यावर, चिमणी माझ्या शेजारी. चिमणी म्हणाली, "बाबा, तुम्हाला आठवतं, मला शाळेत सोडताना तुम्ही—" "श्श्! ऐकू दे!" घूंऽऽ. आहे. चाललाय. मग हिने मागून डोळे पुसत सुरू केलं, "पोहोचलीस की आधी काहीतरी खाऊन घे गं—" "अगं, हुंदका आवर, पंप ऐकू येत नाहीये!" आता मला सांगा, असं कुणी बोलतं का? पण मी बोललो! पुलावर घूं जरा बारीक झालं, तसा मी अर्धा मागेच वळलो. सिग्नलला थांबलो की देव पाण्यात! मनात एकच, चालेल तोवर चालेल, चालेल तोवर चालेल... आणि शेजारी लेक गप्प बसलीय हे दिसत होतं हो मला, पण वाटलं, आधी पोहोचू दे, मग काय बोलायचं ते दारात बोलू.

पोहोचलो! वेळेत! मला वाटलं आता रडूच येणार आनंदाने. चिमणीने बॅगा काढल्या, माझ्या खिडकीशी आली. "बाबा, उतरा ना." आणि मी, तुम्हाला सांगतो, पट्टा लावलेला, एक पाय ॲक्सिलरेटरवर, म्हणतोय, "नको गं, गाडी बंद केली आणि पुन्हा चालू नाही झाली तर?" ती म्हणाली, "दोनच मिनिटं." म्हटलं, "तू जा. तुला उशीर होईल." उशीर कुठला, भरपूर वेळ होता! तिने खिडकीतून हात आत घातला, माझ्या डोक्यावरून फिरवला. लेकीने बापाच्या! आणि गेली. काचेच्या दारातून आत जाऊन एकदा वळली, मी हात हलवला, इंजिन घुंर्र घुंर्र करतंय...

आणि हात हलवण्याच्या नादात क्लचवरचा पाय सुटला. धाडकन बंद! संपलं! मागून हॉर्न, शिट्टीवाला धावत आला, मी किल्ली फिरवली...

एका किल्लीत चालू! एका! घूंसुद्धा नाही, मांजरासारखी गुरगुरतेय!

मागून बायको, अगदी शांतपणे, "झाली ना चालू? आता बंद करा आणि काय रडायचं ते रडून घ्या."

कसला बंद करतोय! शिट्टीवाल्याने हाकललं. रडलो ते फर्स्ट गिअरमध्ये, सेकंडमध्ये आणि पुलावर थर्डमध्ये.

दुसऱ्या दिवशी चिमणीचा फोन. मला वाटलं, रागावली असेल. पहिला प्रश्न, "बाबा, पंप कसाय?" मी म्हटलं, "पंप ठणठणीत आहे गं." "मग पुढच्या वेळी न्यायला याल तेव्हा खाली उतराल?"

आता वचन दिलंय. उतरणार! नवीन पंप बसला तरी भरवसा काय, टाकी दादाबरोबर वाटून घ्यायची आहे, त्यामुळे इंजिन काही बंद करणार नाही मी. पण उतरणार! म्हणून सध्या माझ्या पाळीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी फाटकाशी गाडी उभी करून बायकोला शिकवतोय. चालवायला नाही हो... नुसतं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायला!